द्राक्षबागेच्या फवारणीने शेततळ्यातले मासे मरतात का?

हो, मरतात. तासगावकडे बाग आणि शेततळं बांधाला बांध लागून असतं, म्हणून हे गांभीर्याने घ्या. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक; त्यातल्या मोरचुदात तांबं असतं. ते कल्ल्यांना इजा करतं, अंगातल्या क्षारांचं गणित बिघडवतं. पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असेल तर त्याचा जोर कमी पडतो, हलक्या पाण्यात थोडंसंही बाधतं. त्याहून घातक सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशकं; लिटरमागे काही मायक्रोग्रॅमही माशांना पुरतात. कोळंबी तर किड्यांच्याच गोतातली, ती आधी जाते.

मासे मेले की आधी वेळ बघा. पहाटे मोठे कटला-रोहू वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर बहुधा ऑक्सिजन कमी पडलाय, लगेच एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा. भरदुपारी बोटुकलीसकट (बोटाएवढ्या पिल्लांसकट) सगळेच गरगर फिरून मरत असतील तर विषाचाच संशय घ्या. असे मासे बाजारात अजिबात नेऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका.

फवारणीचा पंप तळ्यात धुवू नका. बागेतून वाहून येणारं पावसाचं पाणी चर काढून वळवा. शिंपले पाळणार असाल तर जास्तच जपा: ते पाणी गाळून खातात, त्यामुळे कॅडमियमसारखे धातू अंगात साठतात आणि शिजवूनही जात नाहीत.