जुना फ्लॅट, नवी फरशी आणि वीस वर्षांचा हप्ता

सप्रेम नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. अशीच योजना मनात घेऊन असलेले अनेक जण हे उत्तर वाचतील, म्हणून आपल्या पत्राचा गोषवारा आधी देते. आपले वय ४३ असून चाकणच्या एका कारखान्यात वार्षिक साडेचौदा लाख पगाराची नोकरी आहे आणि आपल्या पत्नी शिकवण्यांतून महिन्याला १८ हजार रुपये मिळवतात. राहत्या घराच्या कर्जाचे ११ हजारांचे हप्ते आणखी १४ महिने चालतील. सर्व खर्च आणि हप्ते जाऊन महिन्याला ३६ हजार उरतात. ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून २० लाखांची पुंजी आहे. कर्वेनगरमध्ये १९८९ साली बांधलेल्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावरचा वन बीएचके ४४ लाखांना मिळतो आहे. त्यासाठी ३५ लाखांचे कर्ज काढायचे, साडेपाच लाख खर्चून घर नवे करायचे, १६ हजारांनी भाड्याने द्यायचे, तीन वर्षांनी वाढलेल्या किमतीवर जादा कर्ज घेऊन दुसरे घर आणि नंतर तसेच तिसरे, असा आपला बेत आहे. येत्या रविवारी एजंटला विसाराची रक्कम द्यायची आहे. ती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची कारणे सविस्तर मांडते.

घराची किंमत ४४ लाख असली तरी ते ४४ लाखांत हाती येत नाही. पुण्यात मुद्रांक शुल्क, स्थानिक संस्था कर आणि मेट्रोचा अधिभार मिळून ७ टक्के भरावे लागतात, म्हणजे ३ लाख ८ हजार. नोंदणी फी ३० हजार. एजंटची एक टक्का दलाली ४४ हजार. सोसायटीचे हस्तांतर प्रीमियम, ज्याची महापालिका क्षेत्रातील कमाल मर्यादा २५ हजार आहे. वकील आणि बँकेची प्रक्रिया यांसाठी मी ३० हजार धरते. त्यात आपले साडेपाच लाखांचे नूतनीकरण मिळवले की आकडा ५३ लाख ८७ हजारांवर जातो. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी धरत नाहीत. त्यामुळे आपल्या खिशातून १८ लाख ८७ हजार जातील आणि २० लाखांपैकी १ लाख १३ हजार शिल्लक राहतील. मुलगी दहावीत आहे, दोन वर्षांत तिचा कॉलेजचा खर्च सुरू होईल, आणि त्या वेळी घरात दोन महिन्यांच्या खर्चाइतकीही रोकड नसेल. केवळ या एका कारणासाठीसुद्धा मी हा व्यवहार आत्ता थांबवला असता.

आता भाड्याकडे पाहू. १६ हजार भाडे बारा महिने मिळत नाही; कॉलेजच्या मुली भाडेकरू असतील तर मे-जूनमध्ये घर रिकामे राहते, म्हणून मी ११ महिने धरले, ते होतात १ लाख ७६ हजार. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च, घर भाड्याने दिले म्हणून सोसायटी त्याच्या सेवाशुल्कावर जास्तीत जास्त १० टक्के लावते ते बिनभोगवटा शुल्क, मिळकत कर, रंगकाम आणि दुरुस्ती, दर नव्या भाडेकरूमागे एजंटचे पैसे असे मिळून वर्षाला ५० हजार जातात. मिळकत कराबाबत एक गोष्ट आपल्या हिशेबात आलेली नाही: मालक स्वतः राहत असेल तर पुणे महापालिका ४० टक्के सवलत देते, ती घर भाड्याने दिल्यावर मिळत नाही, विक्रेत्याने दाखवलेली पावती सवलतीची आहे. हाती उरतात सुमारे १ लाख २६ हजार, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर सव्वादोन टक्क्यांहून थोडे अधिक. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी ३५ लाख घेतले तर महिन्याचा हप्ता ३० हजार ४०० च्या आसपास येतो. भाडे त्यात घालूनही दरमहा सुमारे २० हजार रुपये आपल्या पगारातून जातील. हे घर बरीच वर्षे आपल्याला पोसणार नाही, आपण त्याला पोसणार आहात. ही गोष्ट मान्य करूनच पुढचा विचार व्हावा.

आपल्या योजनेचा खरा आधार तीन वर्षांनंतरच्या जादा कर्जावर आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. पहिल्या तीन वर्षांत आपण जवळपास ११ लाखांचे हप्ते भराल आणि मुद्दल जेमतेम सव्वादोन लाखांनी उतरेल, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचाच वाटा मोठा असतो. किंमत दरवर्षी ५ टक्के वाढली असे धरले तरी घर ५१ लाखांचे होईल, त्याचे ८० टक्के पावणेएक्केचाळीस लाख, आणि बाकी कर्ज वजा जाता आठ लाखांच्या आसपास जादा कर्ज मिळू शकेल. तशाच प्रकारचे दुसरे घर घ्यायला मात्र पुन्हा १९ लाख स्वतःचे लागतील, आणि तोवर किमती वाढलेल्या असल्याने त्याहूनही जास्त. ते पैसे कुठून तरी उभे केले, असे क्षणभर मानू. पहिल्या घराचा हप्ता, जादा कर्जाचा हप्ता आणि दुसऱ्या घराचा हप्ता मिळून ६८ हजारांच्या घरात जातील. दोन घरांचे निव्वळ भाडे २१ हजार. उरलेले ४७ हजार म्हणजे राहत्या घराचे कर्ज फिटल्यानंतरची आपली महिन्याची सगळीच्या सगळी शिल्लक. तिसऱ्या घराचा प्रश्नच उरत नाही.

परदेशी व्हिडिओंत घर घ्यायचे, नवे करायचे आणि त्यावर पुन्हा कर्ज काढायचे ही पद्धत फार सोपी दिसते, कारण तिथे बऱ्याचदा जमिनीसकट स्वतंत्र घर विकत घेतले जाते आणि मोडकळीला आलेले घर नीट केले की त्याची किंमत वाढते. आपल्याकडच्या ३५ वर्षे जुन्या इमारतीत खरेदीदार पैसे मोजतो ते त्या जागेचे आणि पुढे होणाऱ्या पुनर्विकासाचे. बँकेचा मूल्यांकनकर्ता परिसराचा दर, क्षेत्रफळ आणि इमारतीचे वय पाहतो. आपण बसवलेल्या फॉल्स सीलिंगचे पैसे तो धरणार नाही. शिवाय आपण लिहिता की सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा चालू आहे आणि तोही फायदा आपण हिशेबात घेतला आहे. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. चार-पाच वर्षांत इमारत पाडली जाणार असेल तर साडेपाच लाखांचे स्वयंपाकघर आणि कपाटे ढिगाऱ्यात जातील. आणि पाडली जाणार नसेल तर पुनर्विकासाच्या आशेने दिलेली चढी किंमत वाया जाईल. त्यातच सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स झालेले नाही, म्हणजे जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्यानुसार जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स) मिळवता येते, पण त्यासाठी सोसायटीला कागद जमवून पाठपुरावा करावा लागतो. तो अर्ज झाला आहे का, हे विक्रेत्याला नव्हे तर सोसायटीच्या सचिवांना विचारावे.

नूतनीकरणाबाबत एक अनुभव सांगते. एरंडवण्यातील एका कुटुंबाने असाच फ्लॅट घेऊन चार लाखांत मॉड्युलर किचन, वॉर्डरोब आणि नव्या फरश्या केल्या, पण भिंतीतले जुने लोखंडी (जीआय) पाइप तसेच ठेवले. सहा महिन्यांत खालच्या घराच्या हॉलमध्ये छताला ओल आली, आणि त्याच नव्या टाइल्स फोडून पाइप बदलावे लागले. भाडेकरू गेला तो वेगळाच. भाड्याच्या घरात पैसा घालायचा तो न दिसणाऱ्या जागी: न्हाणीघर आणि संडास खालपर्यंत खोदून वॉटरप्रूफिंग, सगळे पाइप सीपीव्हीसी (न गंजणाऱ्या प्लॅस्टिकचे), नवे वायरिंग, धक्का बसू नये म्हणून ईएलसीबी, आणि साधी, न घसरणारी फरशी. त्या आकाराच्या घरात हे काम आपल्या अंदाजपत्रकाच्या निम्म्यात बसायला हवे. बाकी शोभेच्या वस्तूंमुळे भाडे फार तर हजार रुपयांनी वाढते. कोणताही जुना फ्लॅट पाहायला जाल तेव्हा खालच्या मजल्यावरच्या घराची बेल वाजवावी, विनंती करून त्यांच्या न्हाणीघराचे छत पाहावे, आणि वरच्या नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी निघून जाण्याच्या जाळीच्या, खालच्या जागेवर हात फिरवून बघावे. बोटांना पांढरा खार लागला किंवा रंगाचे पोपडे सुटले, तर वरचे घर कितीही चकाचक असो, गळती आहे. आपला फ्लॅट शेवटच्या मजल्यावर असल्याने गच्चीचाही प्रश्न येतो. गच्चीची गळती दुरुस्त करणे सोसायटीचे काम असले तरी तिच्या निधीत पैसे नसतील तर दोन-तीन पावसाळे ताडपत्रीवर निघतात.

कर वाचेल ही आपली समजूतही दुरुस्त करायला हवी. नव्या करपद्धतीत भाड्याच्या घराचे व्याज भाड्याच्या उत्पन्नापुरतेच वजा होते. उरलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही. जुन्या पद्धतीत २ लाखांपर्यंत तो वजा होतो, पण मी आपले आकडे दोन्हीकडे मांडून पाहिले: नव्या पद्धतीत आपला कर ९० हजारांच्या आत राहतो, तर जुन्या पद्धतीत हे व्याज, विमा आणि बचतीच्या सगळ्या वजावटी धरूनही १ लाख ३० हजारांच्या वर जातो. म्हणजे भाड्यावर कर लागणार नाही एवढाच फायदा आहे. पत्नीच्या एकटीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का, म्हणजे ४४ हजार वाचतात, हे खरे आहे. संयुक्त नावावर मात्र ही सवलत मिळत नाही. पण पैसे आपले असतील तर त्या घराचे भाडे करासाठी आपल्याच उत्पन्नात मोजले जाते. पत्नीच्या नावावर मालमत्ता असावी ही इच्छा चांगलीच आहे, ती कर वाचवण्याच्या हिशेबात मिसळू नये.

पुढे कधी घर भाड्याने द्याल तेव्हा ओळखीचा भाडेकरू असला तरी लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच. महाराष्ट्रात ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर वादाच्या वेळी अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ठेकेदाराला पैसे बँकेतून द्यावेत आणि बिले जपून ठेवावीत. दोन वर्षांनंतर घर विकल्यास नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, आणि घरात केलेल्या पक्क्या सुधारणांचा खर्च पुराव्यासह दाखवता आला तरच तो नफ्यातून वजा होतो.

माझे सुचवणे असे. राहत्या घराचे कर्ज फिटेपर्यंतचे १४ महिने कोणतेही घर घेऊ नये. या काळात दरमहाचे ३६ हजार साठवले तर पाच लाखांची भर पडेल. सहा महिन्यांचा घरखर्च आणि मुलीच्या पहिल्या दोन वर्षांची फी वेगळ्या ठेवीत बाजूला काढावी. त्यानंतर घ्यायचेच असेल तर एकच घर घ्यावे, कर्ज २५ लाखांच्या आत ठेवावे आणि कन्व्हेयन्स झालेली सोसायटीच पाहावी. २५ लाखांचा हप्ता २१ हजार ७०० च्या आसपास येतो. १६ हजारांचे भाडे मिळाले तर पगारातून साधारण ११ हजार घालावे लागतील, आणि घर तीन महिने रिकामे राहिले तरी आपली झोप उडणार नाही. एवढ्या कर्जात कर्वेनगर बसणार नाही, वारजे किंवा धायरीकडे सरकावे लागेल, हे मला ठाऊक आहे.

रविवारी एजंट घाई करेल, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे म्हणेल. त्याला सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातील व्यवहाराचा गोषवारा) ची प्रत, आधीच्या सर्व करारांची साखळी, सोसायटीचे मूळ शेअर सर्टिफिकेट आणि इमारतीचे भोगवटा पत्र मागावे, आणि ती कागदपत्रे वकिलांनी तपासल्याशिवाय रुपयाही देणार नाही असे सांगावे. विसाराची काही रक्कम आधीच दिली असेल तर पावतीची प्रत मला पाठवावी; रक्कम परत मिळण्याची अट तीत आहे की नाही, ते पाहून पुढचे कळवते.