नुसत्या गोळ्या दिल्या, किमो नाही, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?

प्रश्न: आई ५८ वर्षांची आहे, सहा वर्षांपूर्वी ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन आणि किमो झाली होती. आता कंबर दुखते म्हणून स्कॅन केला तर हाडांत पसरलाय असं निघालं. बायोप्सीत ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आलंय. डॉक्टर म्हणतात किमो नको, लेट्रोझोल आणि रायबोसिक्लिब सुरू करू. नातेवाईक विचारतात, एवढं पसरलंय आणि नुसत्या गोळ्या?

उत्तर: ताई, हात अजिबात टेकलेले नाहीत. सलाईन लागलं म्हणजेच खरा इलाज, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की गोळी कमजोर वाटते. पण ईआर पॉझिटिव्ह म्हणजे आईचा कॅन्सर इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनवर वाढणारा आहे, आणि हर-टू निगेटिव्ह म्हणजे त्याच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त नाही. पाळी गेल्यावरही शरीरातली चरबी थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवत राहते, लेट्रोझोल ते बनणंच बंद पाडतं आणि रायबोसिक्लिब पेशींचं विभाजन रोखतं, म्हणून अशा केसमध्ये पहिली ट्रीटमेंट बहुतेकदा हीच असते. हा विचार किमोपेक्षाही जुना आहे बरं का, १८९६ मध्ये बीटसन नावाच्या स्कॉटिश सर्जनने इस्ट्रोजेन बनवणारं अंडाशय काढल्यावर पसरलेला ब्रेस्ट कॅन्सर आक्रसू शकतो हे दाखवलं होतं.

किमो कुठे पळून जात नाही. लिव्हर किंवा फुफ्फुसं झपाट्याने बिघडायला लागली, किंवा पुढे हार्मोनच्या औषधांना कॅन्सर दाद देईनासा झाला, तर ती हाताशी आहेच. आजार मुळापासून जाईल असं मी म्हणणार नाही, खोटं बोलणं होईल ते, पण बरीच वर्षं आटोक्यात राहू शकतो आणि तेही घरी राहून.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, यात खूप जणांचा घोळ होतो. रायबोसिक्लिब तीन आठवडे घेऊन एक आठवडा बंद, पण लेट्रोझोल रोज, त्याला सुट्टी नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून रक्ततपासणी, आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून ईसीजी, सांगतील तेव्हा करायचेच, ताप आला तर घरी वाट बघत बसू नका. सांधे आखडतील, अंगातून गरम वाफा येतील, ते सहन करत न बसता डॉक्टरांना सांगायचं. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन ठरलं तर आधी दातांची तपासणी उरकून घ्या.

आणि कंबरदुखीसोबत पाय लुळे वाटले, बधिर झाले किंवा लघवी अडली, तर मणक्यातल्या नसेवर दाब आलेला असू शकतो. रात्र असली तरी त्याच वेळी इमर्जन्सीत न्या, सकाळची वाट बघू नका.