टेबलावर चालतं कुणाचं? गेम मास्टर आणि खेळाडूंची प्रश्नोत्तरे

या वेळची पत्रं पुण्याच्या वेगवेगळ्या टोकांवरून आली असली तरी भांडण एकच आहे: शेवटचा शब्द कुणाचा? ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रोलप्लेइंग गेममध्ये प्रत्येक खेळाडू एकेक पात्र चालवतो आणि उरलेलं सगळं जग, म्हणजे शत्रू, सावकार, पाऊस, अफवा, हे गेम मास्टर (जीएम) चालवतो. १९७४मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला तेव्हापासून ही वाटणी आहे, आणि तिच्यावरून होणाऱ्या कुरबुरीही तेव्हापासूनच्याच.

प्रश्न: मी सवाई माधवरावांच्या काळातल्या पुण्यात कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठका चालणारी कथा, चालवतो. कात्रजच्या तलावातून शहरात येणाऱ्या नळात कुणीतरी विष कालवतंय, असं रहस्य खपून रचलं. पहिल्याच सेशनला (बैठकीला) पार्टी, म्हणजे खेळाडूंची टोळी, म्हणाली, "आम्ही सिंहगडावर चाललो." का, तर एकाच्या बॅकस्टोरीत त्याचा भाऊ गडावर आहे. मी वाटेत दरड कोसळवली, मग पूल वाहून नेला आणि त्यांना परत आणलं. आता सगळे फुगून बसलेत. — जीएम, कोथरूड

दरड एकवेळ खपली असती. दरडीपाठोपाठ पूलही गेला तेव्हा त्यांना कळलं की हे पावसाचं काम नाही, तुमचं आहे. खेळाडूंना आपण घातलेल्या रुळांवरूनच नेणं, रेलरोडिंग म्हणतात ते हेच.

तुम्ही रहस्याबरोबर ते उकलण्याचा क्रमही पक्का करून ठेवलात: आधी हौद, मग मिस्त्री, मग बोगदा. तो क्रम पहिल्याच पायरीवर मोडला आणि तुम्ही घाबरलात. पुढच्या वेळी क्रम लिहूच नका. विष कोण घालतंय, त्याला काय हवंय आणि कुणी आडवं आलं नाही तर तो उद्या, परवा, येत्या अमावास्येला काय करेल, एवढं लिहा. 'ब्लेड्स इन द डार्क' या खेळात यासाठी घड्याळं असतात. कागदावर वर्तुळ काढायचं, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग पाडायचे आणि संकट जसं जवळ येईल तसा एकेक भाग काळा करायचा. सहा भागांचं एक घड्याळ काढा आणि सगळ्यांना दिसेल असं टेबलाच्या मधोमध ठेवा.

आता पार्टी सिंहगडावर निघाली की म्हणायचं, "जाऊन-येऊन दोन दिवस जातील, तेवढ्यात याचे दोन भाग भरतील. चालेल?" चालेल म्हणाले तर खुशाल जाऊ द्या आणि भावाचं प्रकरण मन लावून खेळवा. परत येतील तेव्हा पेठेतल्या हौदावर पहारा बसलेला असेल, शनिवारवाड्यातलं हजारी कारंजं बंद असेल आणि पाणक्याने घागरीचा भाव तिप्पट केलेला असेल. कुणीही कुरकुरणार नाही, कारण किंमत आधी सांगितली होती.

आणखी एक. तुमच्या विषाला कुठून तरी यायचंच आहे ना? ते गडाच्या कोठारातून चोरीला गेलेलं सोमल असू दे, आणि चोराला या भावाने पाहिलेलं असू दे. खेळाडू स्वतःहून तुमच्या हातात एक धागा देतोय आणि तुम्ही त्याच्यावर दरड टाकताय! मात्र सेशन झीरोमध्ये, म्हणजे खेळाआधीच्या ठरवाठरवीच्या बैठकीत, सगळ्यांनी मिळून "आपण नळाचं रहस्यच खेळायचं" असं ठरवलं होतं आणि आता एकालाच गडाची हौस आली असेल, तर खेळ थांबवा आणि माणसांसारखं बोला. टेबलाबाहेरचं भांडण खेळातल्या पावसाने मिटत नाही.

प्रश्न: माझी कॅरेक्टर शांत स्वभावाची आहे. जीएम म्हणाला, "तू चिडतेस आणि त्याच्या मुस्कटात मारतेस." मी म्हटलं, नाही मारत. तो म्हणाला, जीएम मी आहे. — अकरावी, सदाशिव पेठ

मारू नकोस. समोरचा किती लागट बोलला, हे तो सांगेल. त्यावर तुझ्या कॅरेक्टरला काय वाटलं, हे तू सांगायचंस. सगळं जग त्याच्या हातात असताना तुझ्याकडे एवढं एकच पात्र आहे. तेही त्यानेच चालवायचं, तर तू बसून फक्त ऐकायचं का?

याला अपवाद आहेत, पण ते नियमांत छापलेले असतात. 'कॉल ऑफ क्थुलू'मध्ये १९८१पासून भयानक काही पाहिलं की मनाचा तोल ढळतो आणि काही काळ पात्र तुझ्या ताब्यात राहत नाही. ते माहीत असूनच लोक तो खेळायला बसतात. 'फेट' या खेळाची पद्धत मला जास्त आवडते. तुझ्या पात्राचा राग तूच आधी कागदावर लिहिलेला असतो. जीएम तुझ्यापुढे एक पॉइंट सरकवतो आणि म्हणतो, "इथे राग अनावर झाला तर?" पटलं तर पॉइंट घ्यायचा आणि भडकायचं, नाही पटलं तर पदरचा एक पॉइंट देऊन शांत राहायचं. तुझ्या जीएमला हे दाखव. त्याला तुला चिडलेलं बघायचंच असेल, तर निदान तुला विचारून तरी बघेल.

प्रश्न: एक खेळाडू देवडीवरच्या जमादाराला म्हणाला, "वाड्याच्या किल्ल्या दे." रोल केला, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकला, आणि नॅचरल वीस, थेट सर्वांत मोठा आकडा! आता सगळे म्हणतात, द्यायलाच हव्यात. दिल्या तर रहस्य संपलं, नाही दिल्या तर मी हुकूमशहा. — जीएम, औंध

आधी नियम बघू. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीत वीस पडले की आपोआप यश मिळतं ते हल्ल्याच्या रोलला. एखाद्याला पटवण्याच्या रोलला तसं काही नाही. वीस पडले की काहीही मागावं, ही टेबलाटेबलांवर पसरलेली समजूत आहे.

पण पुस्तक उघडून तुम्ही जिंकणार नाही, कारण फासा टाकू दिलात. टाकू दिलात म्हणजे जमू शकेल असं कबूल केलंत. पडल्यावर नाही म्हणणं हा रडीचा डाव झाला, जीएमने खेळला तरी. संवाद फाशाच्या आधी व्हायला हवा होता, साधारण असा:

"मी किल्ल्या मागतो."

"कशा? धमकी, लाच, की ओळख?"

"त्याच्याच गावचा आहे म्हणून सांगतो."

"किल्ल्या तो देणार नाही, मान जाईल त्याची. गाववाला म्हणून फार तर रात्री देवडीत टेकू देईल. फसलं तर तुझा चेहरा त्याच्या पक्का लक्षात राहील. टाकतोस?"

आता "नको, राहू दे" म्हणायचा हक्क खेळाडूला आहे. टाकलाच आणि वीस पडले, तर देवडीत जागा मिळेल, वर पहारा कधी बदलतो हेही जमादार बोलता बोलता सांगून जाईल. टार्गेटचा, म्हणजे यशासाठी लागणाऱ्या बेरजेचा, आकडाही सांगून टाकावा, असं माझं मत आहे. पाचचा बोनस (पात्राच्या कौशल्याबद्दल फाशात मिळवायचा आकडा) आणि पंधराचं टार्गेट असेल तर शक्यता ५५ टक्के. ॲडव्हांटेज मिळवलं, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घेतला, तर जवळपास ८० टक्के. हे कळलं की माणसं ॲडव्हांटेजसाठी डोकं चालवतात, जमादाराच्या गावची जत्रा कधी असते ते आधी शोधून काढतात. आणि टार्गेट तीस असेल तर पाचच्या बोनसवर वीस पडूनही बेरीज पंचवीसच होते. तिथे फासा हातात देऊच नका.

प्रश्न: जीएमपुढे जो आडोशाचा पडदा असतो त्याच्याआड फाशांचे आकडे बदलले तर चालतं का? पार्टी मरू नये म्हणूनच करतो. — जीएम, वारजे

माझ्या मते नको. एकदा उघडकीस आलं की मागच्या सगळ्या विजयांवरही शंका घेतली जाते. कुणी मरू नये असंच वाटत असेल तर ते पहिल्या दिवशी जाहीर करा: "खेळाडूच्या संमतीशिवाय इथे कुणी मरणार नाही, हरलात तर कैद होईल, वतन जाईल, हात मोडेल." लपवून टाकायचे रोल वेगळे. चोरदरवाजा शोधणाऱ्याला आपला रोल किती वाईट पडला ते दिसता कामा नये. तेवढ्यापुरता पडदा ठेवा.

प्रश्न: १९६१च्या पुण्यात वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारा खेळ, रचलाय. १२ जुलैला पानशेत धरण फुटतं, तोच शेवट. चौघे उत्साहात आहेत. पाचवीने मला एकट्याला मेसेज केला की तिच्या आजोबांचं घर त्यात गेलं, तिला हे नको. बहुमताने ठरवू का? — जीएम, नारायण पेठ

नाही. नारायण पेठेत राहणाऱ्याला हे मी सांगायला नको. पाणी कुठवर चढलं होतं ते जिन्याच्या पायऱ्या मोजून दाखवणारी माणसं अजून आहेत. चौघांचा एक प्रसंग जाईल. पाचवीची अख्खी संध्याकाळ जाईल, शिवाय पुढच्या वेळी ती काही सांगणारच नाही.

तिला फक्त एवढं विचारा: लाइन (रेघ) की व्हेल (पडदा)? लाइन असेल तर ती गोष्ट खेळात येणारच नाही. व्हेल असेल तर ती घडते, पण कॅमेरा तिकडे वळत नाही. कारण विचारू नका, ते तिने न विचारता सांगितलंय तेच पुष्कळ झालं. व्हेल चालणार असेल तर ११ जुलैच्या रात्री थांबा आणि थेट काही महिने पुढे जा, गोखलेनगरला पूरग्रस्तांची वसाहत उभी राहते आहे तिथे. लाइन असेल तर शेवट बदला.

चौघांना तिचं नाव सांगू नका. "मी शेवट बदलला," एवढं बास. कुरबुर झालीच तर ती अंगावर घ्या. जीएमचा अधिकार वापरायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. शिवाय टेबलावर एक्स-कार्ड ठेवा. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी २०१३मध्ये ही युक्ती लोकांपुढे आणली: कागदावर फुली, तिला कुणीही बोट लावलं की चालू प्रसंग वगळायचा, स्पष्टीकरण मागायचं नाही.

प्रश्न: एवढी कटकट असेल तर जीएम नसलेले गेम आहेत का? — विमाननगर

आहेत. 'आयर्नस्वॉर्न' (२०१८) एकट्याने किंवा मिळून खेळता येतो आणि त्याचं मूळ पुस्तक डिजिटल स्वरूपात फुकट आहे, पण त्यात वाचायला बरंच आहे. सुरुवात 'फियास्को'ने (२००९) करा: तीन ते पाच जण, एका बैठकीत संपतो. सत्तेचा प्रश्न तिथेही आहे, फक्त तो वाटून टाकलाय. आपल्या पाळीला प्रसंग मांडायचा की त्याचा निकाल लावायचा, यांतलं एकच आपल्याला मिळतं, दुसरं बाकीचे करतात. मूळ आवृत्तीला सहा बाजूंचे साधे फासे लागतात, माणशी चार, दोन एका रंगाचे आणि दोन दुसऱ्या. तुळशीबागेतल्या खेळण्यांच्या दुकानांत बघा.