ऑन्टॉलॉजी, माड आणि संत

प्रश्न : ‘ऑन्टॉलॉजी इंजिनिअरिंग’ला मराठीत काय म्हणावे? एका विद्यापीठीय पत्रकात ‘अस्तित्ववाद अभियांत्रिकी’ छापले आहे. (एक वाचक, फोंडा)

‘अस्तित्ववाद’ तेवढा नको हो! यंदा हे तिसऱ्यांदा ऐकतोय. अस्तित्ववाद म्हणजे फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र आणि माणसाची घालमेल. संगणकवाल्यांना घालमेल नको, वर्गवारी हवी : जगात काय काय आहे, कोण कशात मोडतं, कोणाचं कोणाशी काय नातं, हे यंत्राला कळेल असं मांडायचं. सुंगटं (कोळंबी) नुस्त्यात, म्हणजे मासळीत, धरायची का? स्वयंपाकघर हो म्हणतं, प्राणिशास्त्र नाही म्हणतं. गोवा विद्यापीठात कोकणी वर्डनेट (अर्थांनुसार शब्द जोडणारा संगणकीय कोश) झालं ते हिंदी वर्डनेटमधल्या एकेका संकल्पनेला कोकणी समानार्थी शब्दांचा संच जोडत. तिथे शब्दाआधी वस्तू ठरवावी लागते.

असो. खरी गंमत शब्दात आहे. ‘ऑन्ट’ म्हणजे ग्रीकमध्ये ‘असणारं’. त्याचं सख्खं भावंड आपल्या संस्कृत अस् (असणे) धातूचं ‘सत्’, अनेकवचन ‘सन्तः’, आणि त्यातूनच ‘संत’. ग्रीकांनी ‘स’ गिळला, आपण जपला, एवढाच फरक. ऑन्टॉलॉजीतला ‘ऑन्ट’ आणि वारीतला ‘संत’ एकाच घरचे! मला हे कळलं त्या रात्री झोप आली नव्हती.

उलट ‘सेंट’ म्हणजेच संत असं छातीठोक सांगणारे पंडित पणजीत पावलोपावली भेटतात. पुरावा काय, तर सांतिनेज आणि सांताक्रूझ! ते ‘सांत’ लॅटिन ‘सांक्तुस’चं, म्हणजे पवित्र केलेलं, धातूच वेगळा. नुसत्या नादावर नाती जोडायची तर पोदेराचा (गोव्यातल्या पाववाल्याचा) पाव आणि पाव किलोतला पाव हेही भाऊच म्हणा. पहिला पोर्तुगिजांकडून आला, दुसरा संस्कृत ‘पाद’चा.

तत्त्वज्ञानवाले ‘सत्तामीमांसा’चा आग्रह धरतात. व्युत्पत्ती त्यांच्या बाजूची आहे, सत् अधिक ता म्हणजे असलेपण. पण कानाचं काय? ‘सत्ता’ म्हटलं की मंत्रिमंडळ दिसतं, आणि सत्तेचे अभियंते गोव्यात वेगळेच असतात. तरी एक कबूल करतो. २०१६ मध्ये विधानसभेने माडाला वृक्षसंरक्षण कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून काढलं. २०१७ मध्ये सरकार बदलल्यावर तो परत झाड झाला, वर राज्यवृक्षही. माड झाड आहे की नाही हे सत्तेने ठरवलं! याहून शुद्ध सत्तामीमांसा ग्रीसमध्ये तरी झाली असेल का?

माझा उमेदवार ‘पदार्थ’. वैशेषिकांनी, म्हणजे आपल्या प्राचीन सहा दर्शनांपैकी एकाच्या अनुयायांनी, द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय अशी अवघ्या जगाची वर्गवारी केली (‘अभाव’ मागाहून आला) आणि या वर्गांना पदार्थ म्हटलं. पदाचा अर्थ तो पदार्थ, शब्दाने दाखवलेली वस्तू. शब्द आणि वस्तू एकाच गाठीत बांधणारा हा शब्द भाषा-तंत्रज्ञानाला आयता मिळालाय, आणि आमचे परिभाषावाले नवे जोडशब्द घडवत बसलेत. ‘पदार्थ म्हटलं की ताटातले आठवतात,’ असं एक स्नेही कुरकुरतात. आठवू देत की, सुंगटंही त्यातच येतात.

हां, तुमचं पत्रक. त्यात तूर्त ‘ऑन्टॉलॉजी’च राहू द्या. ‘पदार्थ-अभियांत्रिकी’ छापलंत तर लोक नेमके जेवणाच्या वेळी येतील.