‘सेटी ॲट होम’ बंद झालं तेव्हा स्वयंसेवकांना एवढं वाईट का वाटलं? काम तर कॉम्प्युटरच करत होता ना? आणि आता त्याऐवजी कशात सामील व्हावं?

सेटी ॲट होम म्हणजे परग्रहावरून कुणाचा सिग्नल येतोय का, हे लोकांच्या घरच्या रिकाम्या कॉम्प्युटरवर शोधणारा प्रकल्प. मधला प्रश्न आधी घेते, कारण तोच मला लागला. कॉम्प्युटर करत होता हे खरं, पण तो कॉम्प्युटर कुणाचा होता? वीज कुणाची होती? पावसाळ्यात रात्री लाइट गेली की यूपीएसची पिरपिर ऐकून कोण उठत होतं, आणि लाइट आल्यावर मशीन परत कोण चालू करत होतं? ज्यांनी हे वर्षानुवर्षं केलं त्यांना ‘तुम्ही काय केलंत’ असं विचारू नये. घरात ऐकून झालंय, आता अनोळखी माणसाकडूनही ऐकायचं म्हणजे जास्तच झालं.

बेळगावात शहापूरला आमचं छपाईचं दुकान आहे. वडिलांच्या काळात ट्रेडल आणि खिळे, नंतर ऑफसेट आणि डीटीपी. दुकान खाली, घर वर. ऑफसेट आणि हिशेब दादा बघतो, कंपोजिंग माझ्याकडे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पावती पुस्तकं. मराठी श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये, कन्नड नुडीत, आणि बऱ्याचदा एकाच पत्रिकेत दोन्ही. याशिवाय इंजिनिअरिंगच्या पोरांचे प्रोजेक्ट रिपोर्ट, त्यांचं स्पायरल बाइंडिंग. त्यातल्याच एका पोरानं हे खूळ आमच्याकडे आणलं. ‘ताई, रात्री तुमची मशीनं रिकामीच असतात की!’ म्हणाला आणि बसवून दिलं. तेव्हा जुनी क्लासिक आवृत्ती होती, इंटरनेट डायल-अपचं. पण कामाची एक पुडी जेमतेम एक तृतीयांश एमबीची, त्यामुळे फोनची लाइन फार वेळ अडून राहायची नाही.

ज्यांनी फक्त रंगीत स्क्रीनसेव्हर पाहिला त्यांच्यासाठी थोडं सांगते. पोर्टो रिकोतल्या अरेसिबोची ३०५ मीटरची रेडिओ दुर्बीण दुसऱ्या कुणाच्या संशोधनासाठी चालू असायची, तेव्हाच तिच्यावर सेटीचं रेकॉर्डिंगही चालायचं. १४२० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे हायड्रोजन वायू ज्या वारंवारतेवर रेडिओ लहरी सोडतो तिच्या आजूबाजूचा अडीच मेगाहर्ट्झचा पट्टा. सुरुवातीची बरीच वर्षं त्या टेपा चक्क टपालानं बर्कलीला, म्हणजे हा प्रकल्प चालवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात जायच्या. तिथे त्या पट्ट्याचे २५६ तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यातले १०७ सेकंद एका घरी पाठवायचे. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बारा सेकंदांचा हिशेब. पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाशातली एखादी जागा दुर्बिणीच्या टप्प्यातून साधारण १२ सेकंदांत सरकून जाते. म्हणजे वरून खरंच काही येत असेल तर त्याचा जोर हळूहळू चढणार आणि तसाच उतरणार. जमिनीवरचा रडार किंवा टॉवर असा मोजून बारा सेकंदांत चढत-उतरत नाही. आमचं मशीन रात्रभर हा चढ-उतार शोधायचं, शिवाय ठरावीक अंतरानं येणारे ठोके. तीच पुडी जगात आणखी कुणाकडे तरी गेलेली असायची. दोघांचं उत्तर जुळलं तरच ते धरायचे. त्या दुसऱ्याला सगळे विंगमन म्हणायचे. माझा विंगमन कधी ब्राझीलचा, कधी पोलंडचा. खातं उघडताना फक्त देश विचारायचे. आमच्या भागात कुठलाही फॉर्म घ्या, राज्य, मातृभाषा, शाळेचं माध्यम सगळं विचारतात आणि त्यावरून पुढचं ठरतं. इथे काही नाही. याचं मला फार अप्रूप होतं, अजूनही आहे.

आता वाईट का वाटलं ते.

१७ मे १९९९ ला सुरू झालेलं काम. २ मार्च २०२० ला बर्कलीच्या लोकांनी कळवलं की ३१ मार्चनंतर नवीन काम पाठवणार नाही. कारण सरळ होतं. हवा होता तेवढा डेटा तपासून झाला होता, आणि इतक्या लोकांना काम वाटत राहण्यात त्यांची मोजकी माणसं अडकून पडली होती. त्यांना आता आलेल्या निकालांची छाननी करून पेपर लिहायचा होता. मला यात काही गैर वाटलं नाही. काम संपलं की संपलं म्हणून सांगावं, हेच चांगलं. पण महिनाभर आधी तारीख कळली की माणूस रोज मोजायला लागतो, तसं झालं.

आणि मार्च २०२० म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. ऐन लग्नसराई. टेबलावर पत्रिकांचे प्रूफ पडलेले, आणि जनता कर्फ्यू लागला. मग शटरच खाली आलं. गिऱ्हाइकांचे फोन यायचे, ‘ताई, तारीख काढून ठेवा, नवीन कळवतो.’ नवीन कुणी कळवलं नाही. वडगावकडचे माग बंद झाले. जन्मापासून कानात असलेला तो खडखडाट थांबल्यावर आमच्या गल्लीत रात्री झोप लागेना. मी आतल्या जिन्यानं दुकानात उतरून बसायची. सगळी मशीनं दिवसासुद्धा रिकामी होती, तेव्हा दिवसरात्र सेटीच लावलं. शेवटच्या आठवड्यात जगभर सगळ्यांनी हेच केलं असणार, कारण काम मिळेनासं झालं. मागावं तर लॉगमध्ये ओळ यायची, ‘प्रोजेक्ट हॅज नो टास्क्स अव्हेलेबल’. पाच मिनिटांनी परत मागायचं. एखादी पुडी मिळाली की उद्यमबागेत सीएनसीचं प्रोग्रामिंग करणाऱ्या मित्राला फोटो पाठवायचा. निपाणीचे एक सर होते, हायस्कूलचे निवृत्त विज्ञानशिक्षक, त्यांनाही. सर वर्गात मुलांना पुडी उघडून दाखवायचे. त्यांचं मशीन माझ्याहून जुनं, एका पुडीला त्यांना खूप वेळ लागायचा, पण त्यांनी कधी सोडलं नाही.

तिकडची ३१ मार्चची संध्याकाळ म्हणजे आपली १ एप्रिलची सकाळ. आम्ही तिघं रात्रभर फोनवर. माझ्याकडे शेवटच्या दोन पुड्या चालू होत्या, सरांकडे एक. बोलण्यासारखं फार नव्हतंच. सर मध्येच टक्के सांगायचे, ‘चौसष्ट झाले.’ तेवढ्यात दादा जिन्यावरून खाली आला. ‘अगं, काय करायलीस अजून? दुकान बंद, धंदा बंद, आणि मीटर चालू?’ मी सांगितलं, शेवटची रात्र आहे. तो म्हणाला, ‘वीस वर्षं कान लावून बसलात. काय ऐकू आलं? आपल्याला काय मिळालं?’ फोन चालू होता, सरांनी सगळं ऐकलं. काही न बोलता त्यांनी फोन ठेवला. ते मला फार लागलं. स्वतःसाठी नाही, सरांसाठी.

पहाटे माझ्या दोन्ही पुड्या झाल्या, वर चढल्या, यादी कोरी झाली. सरांची सकाळी उशिरा संपली. त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘जमा केली.’ माझ्या एका निकालापुढे ‘पेंडिंग’ राहिलं, कारण विंगमननं त्याची प्रत परत केलीच नव्हती. तीच पुडी मग तिसऱ्या कुणाला गेली आणि बऱ्याच दिवसांनी जुळली. म्हणजे सगळे निरोप घेऊन गेल्यावरही कुणीतरी अनोळखी माणूस मशीन चालू ठेवून बसला होता, म्हणून माझं काम धरलं गेलं. वाईट का वाटलं म्हणता? अशी माणसं परत कुठे भेटणार, म्हणून वाटलं.

दादाच्या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री मी दिलं नाही, ते आता देते. त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीण कोसळली. केबल तुटले आणि वरचा ९०० टनांचा सांगाडा खालच्या थाळीवर आला. ती दुर्बीण आता नाही, तिनं आकाशाचं केलेलं ते रेकॉर्डिंग परत कुणाला करता येणार नाही. पण ते तपासून झालेलं आहे, दोन-दोनदा ताडून. त्यात नोंद घेण्यासारखे जे सिग्नल सापडले ते १२ अब्जांच्या घरात. त्यातून माणसांनीच केलेला गोंगाट गाळत गाळत बर्कलीवाले शंभराच्या आसपास आले, आणि आकाशातली ती शंभर ठिकाणं चीनमधल्या ५०० मीटरच्या फास्ट दुर्बिणीनं पुन्हा तपासायला घेतली. परग्रहावरून कुणी बोललं का? आतापर्यंत तरी नाही. पण अमुक जोराचा सिग्नल असता तर तो आम्हाला सापडलाच असता, हे आता आकड्यात सांगता येतं. आधी येत नव्हतं. वीस वर्षांत एवढं झालं तर ते थोडं नाही. ज्याला शोधून ‘इथे नाही’ असं लिहून ठेवण्याची किंमत कळत नाही, त्याला विज्ञानातलं काही कळत नाही. दादा, हे तुलाच.

आणि ‘काही सापडलं का’ हाच हट्ट असेल तर आइन्स्टाइन ॲट होम बघा. तोही असाच लोकांच्या मशीनवर चालणारा प्रकल्प. २०१० मध्ये आयोवातलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक माणूस यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक नवा पल्सार, म्हणजे गरगर फिरत रेडिओ ठोके देणारा मृत तारा सापडला. सेकंदाला सुमारे ४१ फेरे घेणारा, आणि तोही अरेसिबोच्याच डेटात. त्यांच्या कॉम्प्युटरनं केलं आणि माझ्या कॉम्प्युटरनं केलं यात काडीचा फरक नाही. त्यांच्या पुडीत होतं, माझ्या पुडीत नव्हतं.

तर आता कशात सामील व्हावं? सेटी बंद झालं त्याच आठवड्यात मी रोझेटा ॲट होम लावलं, प्रथिनांच्या घड्या शोधणारं, कारण तेव्हा कोरोनाचं काम तिथे होतं. त्याच्या मागे असलेल्या डेव्हिड बेकरांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सध्या माझ्याकडे आइन्स्टाइन आहे. बॉइंक नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, सेटीवाल्यांनीच ते बनवलं, त्यात प्रकल्प निवडता येतो. एकच निवडा आणि टिकून राहा. दर महिन्याला प्रकल्प बदलत आकडे गोळा करणारे लोक मला आवडत नाहीत.

हे आधी सांगायला हवं होतं, पण सांगते: लॅपटॉपवर लावू नका, तापून पंखा जातो. डेस्कटॉपची आतली धूळ आधी साफ करा आणि सीपीयूची मर्यादा साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवा. ऑफिसच्या मशीनवर विचारल्याशिवाय मुळीच लावू नका. एप्रिल-मेमध्ये मी दिवसा बंदच ठेवते. खर्चाचं म्हणाल तर मशीन शंभर वॉट जास्त खात असेल तर दहा तासांत एक युनिट. दुकानाच्या मीटरवर ते महाग पडतं, घरच्या मीटरवर लावता आलं तर बघा.

आणि मीटर भावाबरोबर सामाईक असेल तर पहिल्याच दिवशी बोलून घ्या. आमच्या दुकानात गणेशोत्सवाची वर्गणीची पुस्तकं छापतात. मंडळ दादाचं, तो त्यांच्याकडून कागदाचेसुद्धा पैसे घेत नाही. विसर्जनाला तो रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कपिलेश्वर तलावावर उभा असतो. गल्लीतल्या प्रत्येक घरानं थोडं थोडं दिलं म्हणून ते उभं राहतं, हे त्याला कुणी समजवावं लागत नाही. आमचंही तसंच होतं, फक्त गल्ली मोठी होती. त्याला मी आजवर विचारलेलं नाही की काय मिळालं. त्या एप्रिलच्या बिलातले रात्रीच्या युनिटचे पैसे मात्र त्यानं माझ्या वाट्यातून कापले, आणि अजून दर महिन्याला कापतो. मंडळाच्या पुस्तकांचे घेत नाही, तर हेही त्यानं घेऊ नयेत, असं माझं म्हणणं आहे.