डबा अजनीत, जहाज मोबाईलवर: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मी बरीच वर्षं मुंबईत एका शिपिंग कंपनीत जहाजांना लागणाऱ्या सामानाची खरेदी बघायचो, आता नागपुरात परत आलोय आणि बुटीबोरी, हिंगणा, काटोलकडचे लोक भेटले की काही ना काही विचारतातच. त्यातले पाच इथे घेतलेत.

"बुटीबोरीत आमचं गॅस्केट आणि पॅकिंगचं, म्हणजे मशीनच्या जोडातली गळती थांबवणाऱ्या पट्ट्यांचं, छोटं युनिट आहे. जहाजांना माल द्यायचाय. जहाज कंपन्यांच्या खरेदीच्या पोर्टलवर रजिस्टर केलं की ऑर्डरी येतात म्हणे, खरं आहे का जी?"

रजिस्टर करा, पण पोर्टल म्हणजे कळमना मार्केट नाही की गाडी लावली आणि बोली सुरू. आधी जहाजाची खरेदी कशी चालते ते बघा. चीफ इंजिनिअर जहाजावरच्या सॉफ्टवेअरमध्ये मागणी टाकतो, ती ऑफिसातल्या परचेसरकडे येते, तो चार-पाच सप्लायरना कोटेशन मागतो, आणि या सगळ्यात जहाज तर चालतच असतं, म्हणजे माल कुठे द्यायचा तर पुढच्या बंदरात, जिथे कंटेनर जहाज कधीकधी एक दिवसही थांबत नाही. तुमची गाडी दोन तास उशिरा पोचली तर जहाज गेलेलं असतं आणि माल विमानानं पुढच्या बंदरात धाडावा लागतो, मग स्वस्त कोटेशनचं कौतुक कोण करणार.

म्हणून दोन कामं आधी करा. एक, तुमच्या प्रत्येक आयटमला इम्पाच्या, म्हणजे जहाजांसाठी खरेदी करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, मरीन स्टोअर्स गाईडमधला सहा अंकी कोड लावा. परचेसर "चांगल्या क्वालिटीचं पॅकिंग" असं शोधत नाही, कोड टाकतो, आणि तुमच्या कॅटलॉगला कोड नसला तर त्याच्या स्क्रीनवर तुम्ही अस्तित्वातच नाही. कोड न बसणारे इंजिनाचे पार्ट असतील तर मेकर, मॉडेल आणि पार्ट नंबर.

दुसरं तुमच्या धंद्यात जास्त महत्त्वाचं, ॲस्बेस्टॉस, उष्णता सोसणारा पण फुफ्फुसांना घातक असा तंतू. सोलास, म्हणजे जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १ जानेवारी २०११ पासून जहाजावर नवीन ॲस्बेस्टॉस बसवायला पूर्ण बंदी आहे, आणि २६ जून २०२५ ला हाँगकाँग कन्व्हेन्शन, म्हणजे जुनी जहाजं सुरक्षितपणे मोडण्याचा आंतरराष्ट्रीय करार, लागू झालं, त्यात जहाजावरच्या घातक पदार्थांची यादी ठेवावी लागते. त्यासाठी परचेसर तुम्हाला मटेरियल डिक्लेरेशन, म्हणजे मालात काय काय आहे ते लिहून, मागणारच. आमच्याकडे एकदा ॲस्बेस्टॉस फ्री लिहिलेलं पॅकिंग आलं, सिस्टीममध्ये हिरवी टिक, सर्टिफिकेट पीडीएफ जोडलेलं, आणि लॅबमध्ये ॲस्बेस्टॉस निघालं. सप्लायर लबाड नव्हता बरं का, त्याला शीट देणाऱ्यानं सांगितलं आणि यानं तेच पुढे टाईप केलं. मग इंजिन रूममध्ये ते कुठेकुठे बसलंय ते शोधत बसलो. तेव्हा तुमच्या कच्च्या मालाची टेस्ट तुमच्या पैशानं लॅबमधून करून घ्या आणि तो रिपोर्ट कॅटलॉगला जोडा, पोर्टलच्या फीपेक्षा तो खर्च जास्त कामाचा. पहिला गिऱ्हाईक बहुतेक मुंबईचा किंवा कांडल्याचा शिप चँडलर, म्हणजे जहाजांना सामान पुरवणारा व्यापारी, मिळेल, थेट जहाज कंपनी नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही.

"आमचा डबा, म्हणजे कंटेनर, न्हावा शेव्यातून निघाला. ॲपवर जहाज तीन दिवसांपासून समुद्रात एकाच जागी दाखवून राहिलं. बुडालं तर नसेल ना?"

नाही हो बाप्पा. जहाज एआयएस नावाच्या यंत्रणेतून आपली जागा रेडिओवर सांगत असतं, हे मुळात टक्कर होऊ नये म्हणून केलेलं आहे, तुमच्या डब्यासाठी नाही. किनाऱ्यावरचा अँटेना साधारण ४० नॉटिकल मैल, म्हणजे ७५ किलोमीटरपर्यंत ऐकतो. त्यापुढे सॅटेलाईट लागतो आणि फुकटच्या ॲपमध्ये तो बहुतेक नसतो, म्हणून जहाज शेवटचं जिथे ऐकू आलं तिथेच चिकटून दिसतं. जागेखाली "शेवटचा सिग्नल कधी" लिहिलेलं असतं ते बघत जा. आणि तिथलं डेस्टिनेशन, पोचायची वेळ हे जहाजावरचा ऑफिसर हातानं टाईप करतो, तो कधी बदलायचं विसरतो. जागा जीपीएसवरून येते तरी तीही फसते, जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातली जहाजं नकाशावर चक्क विमानतळावर उभी दिसत होती. डब्यासाठी लाईनची, म्हणजे जहाज कंपनीची, साईट बघा, आणि देशातल्या प्रवासासाठी कंटेनरचा माग दाखवणारी लॉजिस्टिक्स डेटा बँक. कंटेनरवर आरएफआयडी, म्हणजे रेडिओनं वाचता येणारा, टॅग असतो, वाटेत टोल नाक्यांवर रीडर असतात.

"कंटेनर नंबर टाकला की रेकॉर्ड सापडत नाही म्हणते. अजनीच्या डेपोतून डबा तर निघाला, मी स्वतः पाहिला."

तुम्ही पाहिला, पण नंबर कोणी लिहिला? नंबरात चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला एक आकडा असतो, तो चौकटीतला आकडा उगाच नसतो. उदाहरणार्थ सीएसक्यूयू ३०५४३८, चौकटीत ३. अक्षरांना ए साठी १०, बी साठी १२ अशा किमती आहेत, ११ आणि त्याच्या पटीतले आकडे सोडून, मग पहिल्याला १ नं, दुसऱ्याला २ नं, तिसऱ्याला ४ नं असं दुप्पट करत गुणायचं आणि बेरीज करायची. इथे ६१८५ येते, ११ नं भागलं की बाकी ३, जमलं. दोन आकडे उलटसुलट झाले तर बाकी बहुधा जुळत नाही. नेटवर तपासायला कॅल्क्युलेटर आहेत, अर्धा मिनिट लागतो. ड्रायव्हरला नंबर सांगायला लावू नका, डब्याच्या दाराचा फोटो मागवा.

"काटोलची संत्री आखातात पाठवली. रीफरच्या, म्हणजे थंड कंटेनरच्या, डेटात पूर्ण प्रवास तापमान बरोबर, तरी माल सडला. क्लेम मिळेल का?"

तुमच्या मालाचे फोटो आणि चार्ट दोन्ही बघितले. क्लेम अवघड आहे, कारण चार्ट खरा आहे. रीफरचा सेन्सर आत येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या हवेचं तापमान मोजतो, संत्र्याच्या पोटातलं नाही. आणि रीफर थंड माल थंड ठेवायला बनवलाय, गरम माल थंड करायला नाही. तुम्ही दुपारी तोडून, ताडपत्रीखाली आणून तसाच भरला, प्रीकूलिंग, म्हणजे भरायच्या आधी फळ थंड करणं, केलंच नाही, मग आत हवा थंड आणि फळ गरम असं कित्येक तास चाललं, पेटीत घाम आला, बुरशीला अजून काय पाहिजे. फोटोत अजून एक दिसतं, पेट्या आतल्या लाल रेषेच्या वर गेल्यात. हवा खालून येते, वरून परत जाते, ती वाट तुम्हीच बुजवली, दहा-वीस पेट्या जास्त बसवायच्या लोभात. पुढच्या वेळी भरताना फळात सुई घालायचा थर्मामीटर वापरा, प्रत्येक लॉटचं तापमान लिहा, आणि दाराजवळच्या पेटीत आपला स्वतःचा डेटा लॉगर, म्हणजे तापमान नोंदवत राहणारं छोटं यंत्र, टाका. दाराकडची हवा सगळ्यात वाईट असते.

"ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक डिजिटल वहीत, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढल्याची पावती, जी दाखवून माल सोडवतात) येणार, कागद संपणार, असं दहा वर्षांपासून ऐकून राहिलो. आता तरी?"

हळूहळू. मर्स्क या जहाज कंपनीनं आणि आयबीएमनं २०१८ मध्ये ट्रेडलेन्स नावाचं ब्लॉकचेनवरचं शिपिंगचं व्यासपीठ काढलं होतं, तंत्र चालत होतं, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण सगळा धंदा त्यात एकत्र आलाच नाही. माझ्या मते ते होणारच होतं, स्पर्धकाच्या दुकानात आपली वही कोण ठेवतं. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये मोठ्या लाईन्सनी २०३० पर्यंत सगळी बिलं इलेक्ट्रॉनिक करायचं ठरवलंय, आणि आपल्याकडे १८५६ चा बिल ऑफ लेडिंगचा कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला. पण तुमचं काम अडेल ते बँकेत. धरमपेठेतल्या शाखेत जाऊन एवढंच विचारा की इलेक्ट्रॉनिक बिल दाखवलं तर एलसीवर, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेनं दिलेल्या हमीवर, पैसे सोडाल का. साहेब फोन करून सांगतो म्हणाले तर यावेळी कागदच घ्या.