मँटिस प्रार्थना करत नाही, तो घुमतो

प्रश्न असा आला आहे : ‘प्रेइंग मँटिस’ या किड्याला मराठीत नाकतोडा म्हटलं तर चालेल का, आणि ‘मँटिस’ म्हणजे प्रार्थना करणारा का?

नाकतोडा अजिबात म्हणू नये. हिरवं अंग आणि लांब तंगड्या दिसल्या की लोक सरसकट नाकतोडा म्हणून मोकळे होतात, हे ऐकून कान किटले. नाकतोड्याचा जोर मागच्या पायांत, याचा पुढच्या. तो पाला खातो, हा जिवंत भक्ष्य पकडून खातो. याची जवळची भावंडं झुरळ आणि वाळवी. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही १७५८ मध्ये याला ‘ग्रिलस’ म्हणून रातकिडे-टोळांच्या घोळक्यात घातलं होतं. शास्त्राने ती चूक कधीच सुधारली, आपण कधी सुधारणार?

‘मँटिस’चा प्रार्थनेशी काही संबंध नाही. ग्रीक ‘मांतिस’ म्हणजे द्रष्टा, भाकीत सांगणारा. ‘रिलिजिओसा’, म्हणजे धार्मिक, हे जातिनाम लिनियसचं, आणि जोडलेल्या हातांसारखे पुढचे पाय पाहून युरोपच्या बोलींनी त्याला भक्त केलं. अरबीत तो ‘पैगंबराचा घोडा’, तुर्कीत ‘पैगंबराचा उंट’. तिथे निदान भविष्यवेत्ता तरी शिल्लक राहिला!

आता खरी मजा. ‘मांतिस’चं नातं ‘माइनोमाइ’ म्हणजे ‘उन्माद चढणे’ या क्रियापदाशी आहे. प्लेटोच्या ‘फाइद्रोस’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो, की भाकिताची विद्या मुळात ‘मानिके’, म्हणजे उन्मादाची विद्या. पुढच्या अरसिकांनी मध्ये ‘त’ घुसडून ‘मान्तिके’ केलं. ‘त’ची कथा रचलेली आहे, पण दिशा अचूक. मूळ धातू तोच आपला ‘मन्’ : मन, मती, मंत्र आणि ‘मन्यू’, म्हणजे आवेश, क्रोध. ‘मुनी’ही मी याच घरातला मानतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातला केशी मुनी ‘उन्मदित’ होऊन वाऱ्यावर आरूढ होतो. शांत बसून जप करणारा मुनी तो नव्हेच.

काही व्युत्पत्तिकार ‘मांतिस’ला उन्मादापासून तोडून ‘उघड करणे’ अशा अर्थाच्या क्रियापदाशी जोडतात. त्यांनी हा किडा जिवंत पाहिला असेल असं वाटत नाही. फांदीवर बसलेला मँटिस एका जागी डावी-उजवीकडे डुलतो. कीटकशास्त्रज्ञ सांगतात की या डुलण्याने त्याला अंतराचा अंदाज येतो, शिवाय हलत्या पानांत तो मिसळून जातो. कारण काहीही असो, पाहणाऱ्याला दिसतं ते घुमणं, अंगात आल्यासारखं. त्यातच तो मान वळवून रोखून बघतो. त्याच्या संयुक्त, म्हणजे अनेक बारीक नेत्रिकांनी बनलेल्या, डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो. आपण सरकलो की तोही सरकतो. ती खरी बाहुली नसते. आपल्या दिशेला रोखलेल्या नेत्रिकांमधून प्रकाश परतत नाही, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो. नजर मात्र आपल्यावर खिळल्यासारखी वाटते. ग्रीकांनी याला द्रष्टा म्हटलं ते हात पाहून नव्हे, हे डुलणं आणि ही नजर पाहून, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय ते हात जोडलेले नसतातच, दुमडलेले असतात. मांडी आणि नडगी दोन्हींवर काटे, आणि भक्ष्य टप्प्यात आलं की अडकित्त्यासारखे मिटतात.

मराठीत ‘प्रार्थना कीटक’ रुळला आहे, ‘खंडोबाचा किडा’ही आहे. मी दुसरा वापरतो; त्यात नसलेली प्रार्थना त्याच्या गळ्यात पडत नाही.